अमावास्या किती वाजता संपली? प्राचीन तिथी आणि आजची सॉफ्टवेअर



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आला. बंगळूरहून आला, वडोदऱ्याहून आला, एक जबलपूरहून आला. प्रश्न असा, की जुन्या काळची तिथी काढायला कोणतं सॉफ्टवेअर बरोबर? बहुतेकांनी सोबत दोन चित्रं जोडली होती. तारीख एकच, गाव एकच, सॉफ्टवेअर दोन आणि चंद्र दोन ठिकाणी. एकात अमावास्या संपून प्रतिपदा लागलेली, दुसऱ्यात अमावास्या अजून चालू. मग खरं कोण बोलतंय?

नुसतं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, पण आतली एक खूण बदलली की तिथी बदलते. म्हणून आज आपण जरा आत शिरू. गणित येईल, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

सुरुवात आपल्या सगळ्यांना पाठ असलेल्या तिथीपासून करू. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. शिवराज्याभिषेक. इंग्रजी तारीख ६ जून १६७४, वार शनिवार. आता स्टेलॅरियम उघडा, जागा रायगड ठेवा आणि ६ जून १६७४ ही तारीख भरा. संध्याकाळी पश्चिमेला बघा. त्रयोदशीचा भरत आलेला चंद्र कुठेच दिसणार नाही. दुज-तीजेची बारीक कोर दिसेल. इतिहास खोटा की सॉफ्टवेअर खोटं?

दोन्ही खरे आहेत. १६७४ मध्ये इंग्रज अजून जुनं, ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. त्यांनी नवं कॅलेंडर घेतलं १७५२ मध्ये. कंपनीच्या लोकांनी लिहिलेला ६ जून हा ज्युलियन आहे. स्टेलॅरियम मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून पुढे ग्रेगोरियन तारीख धरतं. दोघांत त्या काळी दहा दिवसांचं अंतर होतं. १६ जून १६७४ भरा, लगेच शुद्ध त्रयोदशी येते आणि वारही शनिवार येतो. (राज्याभिषेक दिन ६ जूनला करावा की तिथीने, हा वाद दरवर्षी होतो. त्यात १६ जून हा तिसरा उमेदवार उभा करायचा माझा अजिबात विचार नाही.)

या उदाहरणात चंद्राच्या गणिताची अचूकता कुठेच आडवी आली नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा चंद्र आजचं कुठलंही बरं सॉफ्टवेअर नीट दाखवतं. घोटाळा फक्त कॅलेंडरचा होता. दोन सॉफ्टवेअरमध्ये फरक दिसला की आधी हीच शंका काढून टाकायची. त्यातच वर्षाचा एक उपप्रकार आहे. खगोलशास्त्रज्ञ शून्य वर्ष मानतात, इतिहासकार मानत नाहीत. इ.स.पू. १ म्हणजे खगोलशास्त्राचं ० वर्ष, इ.स.पू. २ म्हणजे उणे १. तेव्हा इ.स.पू. ३१०२ पाहायचं असेल तर उणे ३१०१ भरायचं. उणे ३१०२ भरलंत तर एक वर्ष मागे जाल आणि तिथी सुमारे अकरा दिवसांनी सरकेल. काही प्रोग्राम तर ग्रेगोरियन पद्धतच मागे मागे ओढत नेतात. त्यांच्याकडे इ.स.पू. ३१०२ चा १८ फेब्रुवारी हा २३ जानेवारी असतो. माझ्याकडे आलेल्या चित्रांपैकी निम्मी भांडणं इथेच मिटली.

उरलेली निम्मी खरी मजेची.

चंद्र कुठे आहे हे काढायला सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, चंद्राची गती. दोन, पृथ्वीची गती, म्हणजे आपलं घड्याळ. आपण पहिलीची काळजी करतो, घात दुसरी करते.

पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय. मुख्य कारण भरती-ओहोटी. चंद्र समुद्राला ओढतो आणि त्या घर्षणात पृथ्वीचा वेग खर्च होतो. त्याच व्यवहारात चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे अंतर मोजलेलं आहे. दिवस किती वाढतो? शंभर वर्षांत सुमारे १.८ मिलिसेकंद. सेकंदाचा हजारावा भाग, त्याच्या दुप्पटही नाही. एवढ्याशाने काय होणार, असं वाटतं ना?

वही घ्या. १८२० च्या आसपासचा दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा धरतात. त्याआधी २५०० वर्षं मागे जा. तेव्हाचा दिवस २५ गुणिले १.८, म्हणजे ४५ मिलिसेकंदांनी लहान. मधल्या सगळ्या दिवसांची सरासरी घेतली तर साडेबावीस मिलिसेकंद. अडीच हजार वर्षांत दिवस किती? सुमारे ९ लाख १३ हजार. गुणाकार करा. साधारण २०,५०० सेकंद आले. पाच तास चाळीस मिनिटं!

म्हणजे एकसारख्या चालणाऱ्या आदर्श घड्याळात आणि पृथ्वीच्या खऱ्या फिरण्यात, अडीच हजार वर्षं मागे गेलं की पावणेसहा तासांचा फरक पडतो. या फरकाला डेल्टा टी म्हणतात. चंद्र-सूर्याची गणितं आदर्श घड्याळावर चालतात. सूर्योदय, सूर्यास्त, 'सकाळी किती वाजता' हे सगळं पृथ्वीच्या घड्याळावर. दोघांच्या मध्ये डेल्टा टी उभा. आज तो ६९ सेकंदांच्या आसपास आहे, कोणाला पत्ताही नसतो. मागे जाताना मात्र तो काळाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दुप्पट मागे गेलात की चौपट.

आपण मनाने रचलेली ही गोष्ट नाही, हे कशावरून? बाबिलोनच्या मातीच्या विटांवरून. १५ एप्रिल इ.स.पू. १३६ ला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं. तिथल्या ज्योतिषांनी ते वेळेसकट नोंदवलं. शुक्र, बुध दिसले, एरवी सूर्याजवळ लपलेले गुरू आणि मंगळही दिसले, असं त्यात आहे. त्या विटा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आता पृथ्वी कायम एकाच वेगाने फिरत होती असं धरून हे ग्रहण काढलं, तर खग्रासाचा पट्टा बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो, थेट स्पेनच्या रेखांशाजवळ. ग्रहण तर बाबिलोनच्या माणसांनी पाहिलं. मग ४९ अंश सरकली ती पृथ्वी. तेवढं फिरायला तिला सव्वातीन तास लागतात. तो झाला त्या दिवसाचा डेल्टा टी, मातीवर लिहिलेला.

अशा शेकडो नोंदी गोळा करून स्टीफन्सन, मॉरिसन आणि होहेनकर्क यांनी २०१६ मध्ये इ.स.पू. ७२० पासून आजपर्यंतच्या पृथ्वीच्या फिरण्याचा आलेख दिला. त्यातलं ७२० हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच्या अलीकडे पुरावा आहे. पलीकडे त्याच वक्ररेषेची शेपटी अंदाजाने लांबवलेली आहे. सगळी सॉफ्टवेअर हीच शेपटी धरून मागे जातात, आणि प्रत्येकाची शेपटी जराशी वेगळी असते.

आता चंद्राच्या गतीकडे. इथे परिस्थिती फार चांगली आहे. अमेरिकेच्या जेपीएल संस्थेची डीई मालिका आहे. डीई४०६ ही इ.स.पू. ३००० च्या आसपासपासून, आणि पुढची डीई४३१ इ.स.पू. १३,००० च्याही मागे जाते. आपल्याकडच्या पुष्कळ ज्योतिष-प्रोग्रामांच्या पोटात असणारी स्विस एफेमेरिस डीई४३१ वरूनच तयार केलेली आहे. स्टेलॅरियम मुळात फ्रेंच गणितींची ईएलपी ही चंद्रसूत्रं वापरतं, डीईच्या फायली वेगळ्या उतरवून जोडता येतात. जेपीएलची होरायझन्स सेवाही सर्वांना खुली आहे. आदर्श घड्याळावर या सगळ्यांचा चंद्र ताडून पाहिला, तर गेल्या दोन हजार वर्षांत तुमच्या-माझ्या कामाला जाणवेल असा फरक सापडत नाही.

पाच हजार वर्षं मागे मात्र एक गाठ आहे. चंद्र दूर जातो तसा त्याचा कोनीय वेग कमी होतो. किती कमी होतो याचा एक आकडा असतो. जुन्या ईएलपीत तो शतकवर्गाला उणे २३.९ विकला होता. लेझरच्या मोजणीने तो उणे २५.८ वर स्थिरावला. दोन विकलांचा हा फरक एकावन्न शतकं मागे नेला की चंद्र सुमारे ०.७ अंश सरकतो. अमावास्येच्या वेळेत हे झाले सव्वा ते दीड तास.

गंमत पुढेच आहे. डेल्टा टी काढला ग्रहणांवरून, आणि ग्रहण काढताना चंद्राचा हा आकडा धरावाच लागतो. म्हणजे डेल्टा टी आणि चंद्राचा वेग ही जोडी आहे. जुन्या आकड्याबरोबर त्याला साजेसा डेल्टा टी घेतला तर घड्याळातली वेळ जवळजवळ तीच येते. नव्या आकड्याबरोबर नवा घेतला तरी तीच येते. एक जुना आणि एक नवा घेतला की बिघडलं. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर, आणि उत्तर दीड तासाने चुकीचं. स्टेलॅरियमसारखी सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आतल्या आत करतात. घरी बसून लिहिलेले कित्येक प्रोग्राम करत नाहीत.

याचा एक पुरावा तर छापील पुस्तकातच आहे. बेल्जियमच्या जाँ मेयूस यांचं 'ॲस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स' हे या क्षेत्रातलं सगळ्यांचं पाठ्यपुस्तक. त्यात अमावास्या काढायचं सूत्र आहे. पहिल्या आवृत्तीत त्यातला वर्गाचा गुणक ०.०००१३३७ होता, दुसऱ्या आवृत्तीत तो ०.०००१५४३७ झाला. मोबाइलवरच्या अनेक ॲपांत आजही पहिल्या आवृत्तीतला गुणक जसाच्या तसा आहे. यंदाची अमावास्या काढताना याने काडीचाही फरक पडत नाही, म्हणून कोणी बदललाही नाही. इ.स.पू. ३१०२ ला याच एका आकड्यामुळे सुमारे एक तास सतरा मिनिटांचा फरक पडतो.

आता ज्या तारखेवरून सगळ्यात जास्त पत्रं आली तिच्याकडे येऊ. कलियुगाचा आरंभ. परंपरेने उज्जैनीची मध्यरात्र, १७ आणि १८ फेब्रुवारी इ.स.पू. ३१०२ यांच्यामधली. मी इंदूरला राहतो, उज्जैन आमच्यापासून तासा-दीड तासावर. तेव्हा उज्जैनीचंच गणित करू.

मेयूसच्या दुसऱ्या आवृत्तीतलं सूत्र घेऊन वहीत मांडलं, तर त्या महिन्याची खरी अमावास्या, म्हणजे चंद्र-सूर्य एका रेखांशावर येण्याचा क्षण, आदर्श घड्याळाने १७ फेब्रुवारीच्या रात्री ११ च्या थोडा आधी, ग्रीनिचला पडतो. उज्जैनीची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पाच तास तीन मिनिटं पुढे. म्हणजे डेल्टा टी विसरलात तर उत्तर येतं १८ फेब्रुवारीची पहाट, चारच्या सुमाराला. कलियुग मध्यरात्री लागलं, अमावास्या चार तासांनी संपली. जुळल्यासारखं वाटतं!

आता डेल्टा टी घाला. रूढ सूत्रात उणे २० अधिक ३२ गुणिले शतकांचा वर्ग असं आहे. १८२० पासून शतकं ४९.२. वर्ग केला, ३२ ने गुणलं, सुमारे ७७,५०० सेकंद. साडेएकवीस तास. तेवढे वजा केले की अमावास्या येते १७ फेब्रुवारीच्या सकाळी साडेसहाच्या जरा आधी. जवळजवळ एक अख्खा दिवस मागे.

आणि उज्जैनीचा त्या ऋतूतला सूर्योदय? साडेसहा ते पावणेसात. आपल्याकडे दिवसाची तिथी सूर्योदयावरून ठरते. ३२ च्या जागी ३१ हा गुणक घ्या, तोही काही वर्षं प्रमाण मानला जात होता. डेल्टा टी चाळीस मिनिटांनी कमी होतो आणि अमावास्या संपते सातनंतर, म्हणजे सूर्योदयाला अमावास्या. ३२ ठेवला तर सूर्योदयाला प्रतिपदा. २०१६ च्या शोधनिबंधातली वक्ररेषा घेतली तर अमावास्या आणखी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे. वर घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर ठेवलं असेल तर सत्तावीस मिनिटं फुकट वाढतात, कारण उज्जैनीची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या तेवढी मागे आहे. माझ्या वहीतल्या मिनिटांनाही चिकटून राहू नका. इतक्या मागे डेल्टा टीची अनिश्चितताच तासांत मोजावी लागते, तिथे मिनिटांना काय किंमत?

आता त्या दोन चित्रांकडे परत बघा. एकात प्रतिपदा, दुसऱ्यात अमावास्या. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. त्यांना विचारलेला प्रश्नच असा आहे, की त्याचं उत्तर आजच्या ज्ञानाच्या मर्यादेत बसत नाही.

एका शहरातल्या मराठी मंडळींना देवळाच्या आवारात संगमरवरी फलक लावायचा होता. कलियुगारंभाची तारीख आणि 'संगणकाने सिद्ध' झालेली अमावास्येची वेळ, तास-मिनिटांसकट. फलक कोरायला जाण्याआधी त्यांनी मला विचारलं हे बरं केलं. मी सांगितलं, तारीख परंपरेची म्हणून जरूर कोरा, मिनिटं कोरू नका. शिवाय 'सिद्ध' हा शब्द वेगळ्याच कारणासाठी नको. आर्यभटांनी लिहिलंय, की कलीची ३६०० वर्षं झाली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, म्हणजे इ.स. ४९९. कलियुगाचा आरंभ हा ग्रहांच्या मध्यम गती मागे चालवत नेऊन काढलेला प्रारंभबिंदू आहे, गणिताची सोय म्हणून. त्या मध्यरात्री कोणी वर बघून लिहून ठेवलेलं ते निरीक्षण नाही. बर्जेस यांनी १८६० मध्ये सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर छापलं, त्यात आधुनिक गणिताने त्या क्षणाची ग्रहस्थिती तपासलेली आहे. मध्यम चंद्र मध्यम सूर्याच्या सहा अंश पुढे निघाला. साडेतीन हजार वर्षं मागे हिशेब नेऊन चंद्राची चूक फक्त बारा तासांची. याचं मला त्या फलकापेक्षा जास्त कौतुक वाटतं. मंडळींना ते किती पटलं कोण जाणे, पण मिनिटं गाळली.

महाभारताच्या काळाबद्दलही विचारणा होतेच. मी कुठल्याही तारखेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणार नाही. साधनाचं तेवढं सांगतो. नरहरी आचार यांची तारीख इ.स.पू. ३०६७, पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांची इ.स.पू. ५५६१. पहिल्या तारखेला त्याच सूत्राने डेल्टा टी सव्वाएकवीस तास. दुसऱ्या तारखेला? शतकं ७३.८, वर्ग करा, ३२ ने गुणा. एक लाख चौऱ्याहत्तर हजार सेकंद. अठ्ठेचाळीस तास! दोन दिवस सरळ सूत्रातून येतात, आणि ते सूत्र इ.स.पू. ७२० च्या पलीकडे कुठल्याही नोंदीवर टेकलेलं नाही.

भीष्मपर्वातल्या तेरा दिवसांच्या पक्षाचंच घ्या. अमावास्या ते पौर्णिमा हे खरं अंतर कधीही तेरा दिवस एकवीस तासांच्या फारसं खाली जात नाही. मग तेरा दिवसांचा पक्ष होतो कसा? सूर्योदयांच्या मोजणीमुळे. एका पंधरवड्यात दोन तिथ्यांचा क्षय झाला की सूर्योदय तेरा उरतात. २०२४ च्या जून-जुलैमध्ये ज्येष्ठ वद्य पक्ष असाच तेरा दिवसांचा आला होता, उत्तरेकडे त्यालाच आषाढ कृष्ण म्हणतात. तेव्हा पौर्णिमा सकाळी संपली आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या थोडीच आधी आटोपली, म्हणून तिचा क्षय झाला. म्हणजे सगळा खेळ सूर्योदयाच्या आगेमागे अर्ध्या-एक तासाचा. ज्या काळात घड्याळच काही तास इकडे-तिकडे होऊ शकतं, तिथे 'सॉफ्टवेअरने तेरा दिवसांचा पक्ष दाखवला' हा पुरावा म्हणून किती वजनाचा, ते तुम्हीच तोला. ढोबळ हिशेब असा, की वेळेत दोन तासांची अनिश्चितता असेल तर साधारण बारातल्या एका दिवशी सूर्योदयाची तिथी बदलते.

तिथीच्या बाबतीत एक सोय मात्र आहे. तिला अयनांश लागत नाहीत. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं अंतर भागिले बारा अंश. दोघांच्याही रेखांशातून अयनांश वजा केले तरी वजाबाकी तीच राहते. तेव्हा लाहिरी की रमण की आणखी कोणते, या वादाने तिथीत फरक पडू शकत नाही. नक्षत्रात पडतो. कोणी तिथीच्या फरकाचं खापर अयनांशावर फोडलं, तर हसून विषय बदला.

शेवटचा मुद्दा मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खऱ्या कागदपत्रांचा जीव अडकलेला असतो. समजा तुमच्याकडे हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट आहे. त्यावर अष्टमी आणि वार लिहिलाय. तुम्ही डीई४३१ लावून तपासता, डेल्टा टी अगदी बरोबर. सूर्योदयाला सप्तमी येते. ताम्रपट बनावट ठरवायचा?

थांबा. तो लिहिणाऱ्याने चंद्राकडे बघून तिथी लिहिलेली नाही. त्याने गावच्या जोशांना विचारलं, आणि जोशांनी सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथावरून काढली. त्या गणितात चंद्राला एकच मुख्य संस्कार असतो, जास्तीत जास्त पाच अंशांचा. खऱ्या चंद्राला आणखी एक मोठा हेलकावा आहे. अमावास्या-पौर्णिमेला तो पहिल्या संस्कारातून वजा होतो आणि बेरीज पाच अंशांच्या आसपासच राहते. म्हणून जुनी ग्रहणं छान जुळतात. ग्रंथकार गणित तपासायचे ते ग्रहणावर, तिथे उणीव दिसायचीच नाही! अष्टमीला मात्र तोच हेलकावा भर घालतो आणि साडेसात अंशांवर नेतो. जुनं गणित तिथे अडीच अंशांपर्यंत, म्हणजे सुमारे पाच तास चुकू शकतं. इ.स. ९३२ च्या सुमाराला मंजुलाचार्यांनी 'लघुमानस'मध्ये या दुसऱ्या संस्काराची दखल घेतली होती, पण पंचांगांत तो रुळला नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी 'बाणवृद्धी रसक्षय' हा शब्द ऐकलेला असेल. तिथी साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटका वाढते आणि सहा घटका घटते, म्हणजे ६५ ते ५४ घटका. हा जुन्या गणिताचा ठसा आहे. खऱ्या चंद्राची तिथी ६७ घटकांपर्यंत वाढते आणि ५० पर्यंत घटते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या पिढीपासून पंचांगशोधनाचा जो वाद महाराष्ट्रात पेटला, त्यात हे आकडे वारंवार फेकले जात. पंचांगं कशी असावीत हा प्रश्न वेगळा. जुना लेख तपासताना मात्र त्या काळच्या चुकीच्या चंद्रानेच तपासावा लागतो. त्यासाठी स्वामीकन्नू पिल्लै यांची कोष्टकं आहेत, आणि क्योतोच्या मिचिओ यानो व फुशिमी यांचा 'पंचांग' हा प्रोग्राम आहे, जो सूर्यसिद्धान्ताच्या रीतीने तिथी काढतो. महाराष्ट्रातल्या सोळाव्या शतकानंतरच्या कागदांसाठी नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव', इ.स. १५२० चा, जास्त जवळचा. अशा कामात सगळ्यात अचूक सॉफ्टवेअर हे सगळ्यात निरुपयोगी ठरू शकतं.

आता माझी निवड विचाराल तर सांगतो. गेल्या अडीच-पावणेतीन हजार वर्षांतला खरा चंद्र पाहायचा असेल तर स्टेलॅरियम पुरेसं आहे, फुकट आहे आणि मुख्य म्हणजे आतली यंत्रं उघडी ठेवतं. ताडून बघायला होरायझन्स. कुंडलीचे प्रोग्राम चालतील, स्विस एफेमेरिसवर असतील तर. मात्र ते कोणता डेल्टा टी घेतात, हे मदतीच्या पानावर सापडत नसेल तर त्यांच्यावर तारीख टांगू नका. मोबाइलवरची रंगीत ॲपं आज रात्री गच्चीवर जाण्यासाठी उत्तम.

स्वतः करून बघायला एक प्रयोग देतो. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'मध्ये सगळ्यात जुनं चंद्रग्रहण नोंदवलंय ते १९ मार्च इ.स.पू. ७२१ चं, बाबिलोनचं. चंद्र उगवल्यावर तासाभराहून थोड्या जास्त वेळाने ग्रहण लागलं आणि ते खग्रास होतं, असं त्यात आहे. स्टेलॅरियममध्ये जागा इराकमधलं हिल्ला शहर ठेवा, बाबिलोनचे अवशेष त्याच्याच शेजारी आहेत. घड्याळ स्थानिक मध्यम वेळेवर ठेवा. वर्ष भरा उणे ७२०, लक्षात आहे ना? चंद्र उगवू द्या आणि ग्रहण कधी लागतं ते टिपा. मग सेटिंगच्या खिडकीत वेळेच्या पानावर जाऊन डेल्टा टीची दुरुस्ती बंद करा आणि तीच रात्र पुन्हा चालवा. ग्रहण मध्यरात्र उलटून गेल्यावर लागेल. त्यानंतर यादीतल्या तीन-चार वेगवेगळ्या डेल्टा टी सूत्रांवर एकेकदा क्लिक करून प्रत्येकाची वेळ लिहून ठेवा. हेच सगळं इ.स.पू. ३१०२ ला, उज्जैनीला करा. दोन्ही वेळा मिळालेल्या आकड्यांमध्ये किती मिनिटांची पसरण आहे ते मला कळवा, सॉफ्टवेअरची आवृत्ती न विसरता लिहा. पुढच्या भागात तुमचे आकडे शेजारी शेजारी मांडू.